सत्त्याण्णव सालच्या चौघी

रायपूरच्या कुठल्याही मोठ्या इस्पितळात रात्री जा, नर्सच्या टेबलापाशी बिल्ल्यांवर तीच नावं दिसतील. तिर्की, मिंज, टोप्पो, एक्का, लकडा, कुजूर, केरकेट्टा. तात्यापाऱ्यातल्या, बुढापाऱ्यातल्या आम्हा मराठी घरांना ही नावं पाठ आहेत, कारण आमची म्हातारी माणसं शेवटच्या आजारपणात बहुतेक यांच्याच हाती जातात. ही आडनावं कुळांची. एक्कांचं कुळचिन्ह कासव, टोप्पोंचं सुतारपक्षी, आणि ज्या कुळाचं जे चिन्ह त्या प्राण्याला त्या कुळातलं माणूस मारत नाही. आपल्याकडे लग्नात देवक बसतं, त्याच्याच जवळची ही रीत. माणसं उराव जमातीची, बोली कुडुख, मुलूख जशपूर. रायपूरहून चारशे किलोमीटरच्या वर, पार झारखंडच्या सीमेला लागलेला. रात्रीची बस धरायची आणि सकाळी साल-मोहाच्या डोंगरात उतरायचं, इतकं ते लांब.

या मुली इतक्या लांबून येतात आणि आपल्या आईवडिलांचे मळके कपडे बदलतात, याचं आम्हाला कधी नवल वाटलं नाही. नवल वाटायला हवं होतं.

माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा पावसाळा लागला होता. आई सोवळ्याओवळ्यात वाढलेली, देवघरात कुणाला पाऊल टाकू न देणारी. ऑपरेशननंतर ती चिडचिडी झाली होती. माझ्या हातचं पाणीसुद्धा नको म्हणायची. रात्रपाळीला एक उराव सिस्टर असायची, तिशीच्या आतली, अंगानं बारीक, बोलणं अगदी हळू. एका रात्री तिनं ड्रेसिंगची पेटी बाजूला ठेवली, आईच्या उशाशी स्टूल ओढलं आणि काही न विचारता तिचे केस सोडले. आठवडाभर उशीवर घासून त्यांची जट झाली होती. सिस्टरनं तळहातावर खोबरेल घेतलं, आधी नुसतं बोटांनी चोळलं, मग टोकाकडून वर वर जात एकेक गुंता सोडवला. एका हातानं केस मुळाशी घट्ट धरायचे म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही, हे मला तेव्हा दिसलं. आईच्या कपाळावरची आठी सैल पडत गेली. शेवटी सिस्टरनं दोन बारक्या वेण्या घातल्या, पडून राहणाऱ्या माणसाला मधली वेणी टोचते म्हणून. आई म्हणाली, “पोरी, तुझी आई जिवंत आहे का गं?” सिस्टरला मराठी येत नव्हतं, पण प्रश्न तिला कळला. “हाँ दादी, गाँव में है.”

त्याच सिस्टरनं दोन-चार दिवसांनी मला सांगितलं की 26 जुलैला ती येणार नाही, पाळी बदलून घेतली आहे. त्या दिवशी संत अन्नाचा सण. तिची बुआ ‘संत अन्नाच्या कन्या’ या धर्मसंघातली, आणि लहानपणी तिला पहिल्यांदा शाळेत घालणारी हीच बुआ. मी सहज विचारलं, हा संघ कुठला, बेल्जियमचा की जर्मनीचा? ती हसली. “नहीं आंटी, राँची का. चार लड़कियों ने शुरू किया था. हमारे जैसी ही थीं, कोई मेम नहीं थी.”

तिच्या या शेवटच्या शब्दांनी मला विचारात पाडलं.

धर्मसंघाचा संस्थापक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर युरोप येतो. माझी आत्या अमरावतीच्या होली क्रॉस कॉन्व्हेंटात शिकली. तिथल्या धर्मभगिनींच्या संघाची मुळं सव्हॉयच्या डोंगराळ मुलखात. फादर पीटर मर्मिए आणि क्लोदीन एशर्निए या दोघांनी 1838 साली तो संघ स्थापन केला आणि 1886 मध्ये त्यांच्या भगिनी अमरावतीला पोचल्या. आमच्या रायपूरचं धर्मक्षेत्र 1964 साली नागपूरपासून वेगळं काढलं गेलं, ते जर्मन पॅलोटाइन धर्मगुरूंच्या हाती सोपवून. त्यांचे संस्थापक व्हिन्सेंट पॅलोटी रोमचे. मदर तेरेसा स्कोप्येच्या. या सगळ्यांविषयी मला आदर आहे, आणि तो वरवरचा नाही. पण या सगळ्या गोष्टींत गरीब माणूस दारात बसलेला असतो आणि संस्थापक दुरून चालत त्याच्याकडे येतो. रांचीच्या गोष्टीत दारात बसलेल्या मुलीच उठल्या.

तेव्हापासून मी मिळेल तिथून या चौघींविषयी वाचत, विचारत गेले. मेरी बर्नादेत प्रसाद किस्पोट्टा, आणि तिच्याबरोबरच्या सेसिलिया, वेरोनिका, मेरी. बर्नादेतचा जन्म 2 जून 1878 चा, रांचीच्या पश्चिमेला मांडरजवळच्या सरगावातला. वडील पूरणप्रसाद. घर आधी लुथेरन, मग कॅथलिक. त्या काळी छोटा नागपुरात हे असं होत होतं. गॉस्नर मिशनचे जर्मन पाद्री 1845 मध्येच रांचीत आले होते. चाळीस वर्षांनी बेल्जियमचा जेझुइट धर्मगुरू कॉन्स्टंट लीव्हन्स आला. त्यानं उराव-मुंडांच्या जमिनीचे खटले समजून घेतले, जमीनदाराच्या वेठीला कोर्टात कसं उत्तर द्यायचं ते लोकांना शिकवलं, आणि गावंच्या गावं त्याच्यामागे गेली. सातेक वर्षांत क्षयानं तो खचला, 1892 साली मायदेशी परतला आणि पुढच्याच वर्षी गेला. त्याच्याच काळात, 1890 पासून, लोरेटोच्या भगिनी रांचीत मुलींची शाळा चालवत होत्या. आमच्या चौघी त्या शाळेत शिकल्या. शिकता शिकता त्यांनी एक ठरवलं: लग्न करायचं नाही, जन्मभर देवाच्या आणि आपल्या माणसांच्या कामात राहायचं.

आज हे वाचताना आपण पटकन पुढे जातो. इथे थांबायला हवं. उराव गावात बिनलग्नाची बाई म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. मुलीला बापाच्या जमिनीत वाटा नाही. नवऱ्याचं शेत, पुढे मुलाचं शेत, एवढाच तिच्या म्हातारपणाचा आधार. लग्न न केलेली बाई कुणाच्या चुलीशी बसणार, मेल्यावर तिला कोण उचलणार, हे प्रश्न गावकऱ्यांनी दुष्टपणानं विचारलेले नाहीत, काळजीनं विचारलेले आहेत. आईबापांनी विरोध केला, स्थळं पाहिली, मुलींनी नकार दिला. दुसऱ्या बाजूनं मिशनच्या लोकांनाही शंका होती. कालपरवा ख्रिस्ती झालेल्या, जंगलमुलखातल्या या मुलींना जन्मभराचं ब्रह्मचर्य झेपेल? युरोपातल्या मुलींनी घेतलेलं व्रत आदिवासी पोरींनी घेऊ म्हटलं की ते त्यांना पेलणार नाही असं वाटणं, हा त्या काळच्या भल्या माणसांचाही दोष होता. घर म्हणत होतं, तू आमची राहिली नाहीस. मिशन म्हणत होतं, तू अजून आमच्याएवढी झाली नाहीस. विशीच्या आतबाहेरच्या त्या मुली दोन्हींच्या मध्ये उभ्या होत्या, आणि हलल्या नाहीत.

शेवटी कोलकात्याचे आर्चबिशप पॉल गोएथाल्स यांनी होकार दिला. 26 जुलै 1897 ला, संत अन्नाच्या दिवशी, संघ सुरू झाला. अन्ना म्हणजे मरियेची आई, येशूची आजी. बर्नादेत तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

ते साल डोळ्यांपुढे आणावं म्हणते. 1896 च्या पावसानं दगा दिला होता आणि मध्य प्रांतापासून छोटा नागपूरपर्यंत दुष्काळ पडला होता. 1897 च्या जुलैत पाऊस परतला खरा, पण पावसानं पोट भरत नाही. नवं धान हाती यायला अजून तीन-चार महिने होते. कणगी रिकामी, बियाणं पेरून संपलेलं, आणि ताटात वाळवलेली मोहाची फुलं नाहीतर रानातले कंद. त्याच जुलैत बिरसा मुंडा हजारीबागच्या तुरुंगात होता. दोन वर्षांनी तो उलगुलान, म्हणजे मोठं बंड, पुकारणार होता आणि 1900 च्या जूनमध्ये रांचीच्या तुरुंगात मरणार होता. एकाच मातीतली, जवळपास एकाच वयाची ही मुलं. त्यांचे मार्ग वेगळे. बिरसानं तर मिशनकडे पाठच फिरवली होती. पण आपलं आपणच काही उभं करायचं, ही ऊर्मी मला दोन्हीकडे दिसते. बिरसा पुस्तकांत आला, नाण्यावर आला, विमानतळाला त्याचं नाव मिळालं, आणि ते योग्यच झालं. चौघी मात्र प्रार्थनेच्या पुस्तिकांत राहिल्या.

आणि आपल्याकडे, महाराष्ट्रात, ते साल कसं होतं? पुण्यात प्लेग. 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, रोग्यांची शुश्रूषा करताना. आदल्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला होता. आणि पंडिता रमाबाई, ज्यांनी स्वतः दुष्काळात आईबाप गमावले होते, त्या याच दुष्काळात मध्य प्रांतात आल्या, म्हणजे आम्ही ज्याला आज आपला प्रदेश म्हणतो त्याच्या उंबऱ्यापर्यंत. उपाशी, अनाथ, रस्त्यावर पडलेल्या शेकडो मुली त्यांनी गोळा करून नेल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात वाढवल्या. मला या साऱ्या बायका एका रांगेत बसलेल्या दिसतात. बाई म्हणून जन्मलेल्या माणसानं लग्नाबाहेर, नवऱ्याच्या नावाबाहेर काही करावं की नाही, हा तेव्हाचा प्रश्न होता. पुण्यात त्याची उत्तरं लेखणीनं, व्याख्यानानं, आश्रमानं दिली जात होती. रांचीत ती चार मुलींनी तोंडी दिली: आम्ही लग्न करणार नाही. त्यांच्यापाशी वर्तमानपत्र नव्हतं, भाषणाला व्यासपीठ नव्हतं. त्यांच्या नकाराची नोंद व्हायलाही वेळ लागला.

मग 1901 मध्ये पहिली व्रतं. गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. यांतल्या पहिल्या व्रतापाशी माझं मन अडतं. युरोपातली एखादी सरदारकन्या गरिबीचं व्रत घेते तेव्हा ती काय सोडते ते दिसतं: वाडा, दागिने, वारसा. सरगावच्या मुलीनं गरिबीचं व्रत घेतलं तेव्हा तिच्याकडे सोडण्यासारखं काय होतं? दुसऱ्या वेळचं जेवण तर जन्मापासून अनिश्चित होतं. मी बराच विचार केला. मला वाटतं, तिनं फक्त भविष्य सोडलं. गरीब बाईच्या मालकीचं तेवढंच असतं: नवरा असेल, मुलं होतील, एखादा मुलगा सांभाळेल, ही आशा. श्रीमंतानं धन सोडणं अवघड आहेच, पण गरिबानं आशा गहाण टाकणं त्याहून भारी आहे. त्याच्या बदल्यात तिला एकमेकींचा आधार मिळाला. चौघींच्या म्हातारपणाला चौघी. पुढे कितीतरी जणी.

थोड्याच वर्षांत लोरेटोच्या भगिनी रांचीहून गेल्या. 1903 साली बेल्जियमच्या टिल्डोंकहून उर्सुलाइन भगिनी आल्या आणि या नव्या संघाला त्यांचं मार्गदर्शन लाभलं. शिक्षिका बदलल्या, भाषा बदलली, देखरेख करणारे हात बदलले. चौघी होत्या तिथेच. त्यांना नांगरणीमागची रोपणी, धान कांडणं, लाकडं फोडणं कुणी शिकवावं लागलं नाही. खेड्यात जाऊन राहणं हे त्यांच्यासाठी मिशन नव्हतं, घरी जाणं होतं. आजारी बाईच्या खाटेपाशी बसल्या की तिच्याशी कुडुखमध्ये बोलता यायचं, तिला कुठे दुखतंय ते दुभाष्यावाचून कळायचं. सेवेच्या इतिहासात या गोष्टीला फारसं वजन दिलं जात नाही. ज्यानं आईच्या उशाशी बसलेली ती सिस्टर पाहिली आहे, तो देईल.

बर्नादेत दीर्घ आयुष्य जगली. 16 एप्रिल 1961 रोजी, वयाच्या 82 व्या वर्षी ती वारली. म्हणजे लीव्हन्सचे खटले, बिरसाचं बंड, 1908 चा कुळकायदा, ताना भगतांची चळवळ, स्वातंत्र्य, हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं. 2016 मध्ये चर्चनं तिला ईशसेविका म्हटलं. संतपदाच्या वाटेवरची ती पहिली पायरी. त्या वाटेचा निकाल काय लागेल तो लागो. माझ्यासारख्या हिंदू बाईला त्यासाठी थांबायची गरज वाटत नाही.

जशपूरविषयी लिहायचं आणि धर्मांतराविषयी गप्प बसायचं, हे छत्तीसगडात राहणाऱ्या माणसाला शोभणार नाही. मराठी माणसाला जशपूर ठाऊक असतं ते बहुधा बाळासाहेब देशपांड्यांमुळे. अमरावतीकडचे हे वकील. 1952 मध्ये त्यांनी जशपुरात कल्याण आश्रम सुरू केला, तो मिशनच्या कामाला उत्तर म्हणून. 1954 मध्ये आमच्या रायपूरचेच रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री असताना मिशनच्या कामाची चौकशी करायला न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगींची समिती नेमली गेली. तिचा अहवाल 1956 साली आला आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. 2025 च्या जुलैत, 25 तारखेला, दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन धर्मभगिनींना धर्मांतर आणि मानवी तस्करीच्या आरोपांवरून अटक झाली. त्यांच्याबरोबर आदिवासी मुली होत्या. भगिनी आठवड्याभरानं जामिनावर सुटल्या. आमच्या घरांत तेव्हा जेवताना हाच विषय होता, आणि दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं मी ऐकली. दोन्हीकडे प्रामाणिक माणसं आहेत, हे मी मानते.

तरी या सत्तर वर्षांच्या वादात एक गोष्ट मला सलते. एका बाजूच्या तोंडी आदिवासी मुलगी म्हणजे फसवली गेलेली, दुसऱ्या बाजूच्या तोंडी वाचवली गेलेली. तिनं स्वतः काही ठरवलं असेल, हे दोघांच्याही बोलण्यात येत नाही. सरगावच्या मुलीला कुणी फसवून भगिनी केलं नाही. करायलाच कुणी तयार नव्हतं. तिला कुणी वाचवलंही नाही. तिनं मागितलं, मिळालं नाही, पुन्हा मागितलं, आणि मिळेपर्यंत ती मागत राहिली. तुम्हाला तिचा धर्म पटो वा न पटो, तिचं ठरवणं तिचं होतं एवढं तरी मान्य करायला हवं. ते मान्य न करता तिच्या नातींविषयी तावातावानं बोलणं मला अन्यायाचं वाटतं, मग बोलणारा कुठल्याही बाजूचा असो.

एका रविवारी मी बैरन बाजारातल्या सेंट जोसेफ कॅथीड्रलमध्ये गेले, मागच्या बाकावर बसले. रात्रपाळी संपवून थेट आलेल्या मुली होत्या, डोळे जड, केस अजून ओले. शेजारी कुणाचा तरी ड्रायव्हर, कुणा घरची स्वयंपाकाची बाई, सुटीवर आलेला जवान. प्रार्थना हिंदीत चालली होती. बाहेर पडताना त्या एकमेकींशी कुडुखमध्ये बोलू लागल्या आणि त्यांचे आवाज बदलले, मोठे झाले, हसरे झाले. इस्पितळात इतक्या हळू बोलणाऱ्या या मुलींचा खरा आवाज मी त्या पायऱ्यांवर पहिल्यांदा ऐकला.

आई त्या दुखण्यातून उठली. वॉकर धरून देवघरापर्यंत जाते. वेण्या आता मी घालते, तर म्हणते, “तुझ्याहून तिचा हात हलका होता.” खरं आहे.

आमच्या चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात आणि गावोगावच्या मराठी मंडळांत मार्च महिन्यात सावित्रीबाईंची आठवण निघते. कुणी रमाबाईंवर बोलतं, कुणी कर्व्यांवर. ऐकणाऱ्या बायका मन लावून ऐकतात. पुढच्या मार्चमध्ये बोलणाऱ्या व्यक्तीला माझी विनंती आहे: 1897 साल आलं की पुणे आणि केडगाव झाल्यावर रांचीपर्यंतही जा. फार वेळ लागणार नाही. बर्नादेत, सेसिलिया, वेरोनिका आणि मेरी, एवढी चार नावं घ्या, आणि सभेत एखादी तिर्की किंवा मिंज सिस्टर आलेली असेल तर तिला पुढच्या रांगेत बोलवा. पुढचं ती तुमच्यापेक्षा नीट सांगेल.